पिल्लू पायाशीच का मुततं? काठी उचलण्याआधी एवढं तपासा

कराड-पाटणच्या उसात बिबट्या आहे, माण-खटावच्या माळावर मेंढरं आहेत आणि बागायती पट्ट्यात मोटारीच्या केबलवर चोरांचा डोळा आहे. त्यामुळं सातारा जिल्ह्यात वस्तीवर कुत्रं नाही असं घर शोधावं लागतं. दरवर्षी कुणाकडून तरी पिल्लू आणलं जातं, मोठं होऊन राखण करील या हिशेबानं. मग ते चार-पाच महिन्यांचं झालं की बऱ्याच घरांतून एकच तक्रार ऐकू येते. मालक रानातून आला, त्यानं हाक मारली, की पिल्लू कान पाडून, अंग चोरून पुढं येतं आणि पायाशीच मुततं. पाहुणा आला तरी तेच. मोठ्या आवाजात बोललं तर जागेवरच.

अशा कुत्र्याला गावाकडं ‘मुतरं’ म्हणतात, आणि एकदा तसं नाव पडलं की त्याचे हाल सुरू होतात. कुणी पेकाटात लाथ घालतं, कुणी त्याचं नाक त्याच्याच मुतात घासतं, कुणी चोवीस तास साखळीला बांधून टाकतं. एवढं करूनही फरक पडला नाही की एखाद्या बाजाराच्या दिवशी ते गाडीत घालून लांब कुठंतरी सोडलं जातं. हायवेच्या ढाब्यामागं फिरणारी सगळी कुत्री तिथंच जन्मलेली नसतात.

मुळात ‘मुतरं’ हा एक शब्द चार-पाच वेगवेगळ्या गोष्टींना लावला जातो. कुणाचं वय लहान असतं, कुणी भ्यालेलं असतं, कुणी आनंदानं बेभान झालेलं असतं, कुणी आपली हद्द आखत असतं आणि कुणी खरोखर आजारी असतं. प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. मार मात्र यातल्या एकाचाही उपाय नाही, आणि भ्यालेल्या पिल्लाच्या बाबतीत तर दुखणं वाढवणारा आहे.

वय किती, हे आधी पाहा

जन्मल्यावर पहिले जवळपास तीन आठवडे पिल्लाला आपलं आपण मुतताही येत नाही. आई चाटते तेव्हाच त्याला लघवी होते. पुढं हळूहळू ताबा येतो, पण तो पूर्ण यायला साधारण चार ते सहा महिने लागतात. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवला की होतील तितके तास ते दिवसा जेमतेम लघवी धरू शकतं, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू तीन तास. यापेक्षा जास्त वेळ ते खोलीत कोंडलं आणि खोलीत घाण झाली, तर ती चूक पिल्लाची नव्हे.

आपल्याकडं अडचण अशी होते, की रस्त्याकडेच्या कुत्रीची पिल्लं डोळे उघडले की उचलली जातात. तीन-चार आठवड्यांचं पिल्लू आईपासून तोडलं की ते दोन गोष्टींना मुकतं. एक म्हणजे दूध. दुसरी म्हणजे आई नि भावंडांकडून मिळणारं वळण. झोपायच्या जागेपासून लांब जाऊन मुतायचं, हे पिल्लू आईच्या पाठीपाठी फिरूनच शिकतं. आठ आठवडे पिल्लू आईजवळ राहू द्यावं असं पशुवैद्यक सांगतात, ते एवढ्यासाठीच.

साखळीचंही तसंच आहे. कुत्रं निजायची जागा सहसा घाण करत नाही, तो त्याचा उपजत स्वभाव आहे. पण दोन हात साखळीला दिवसभर बांधलेल्या पिल्लापुढं पर्यायच उरत नाही. ते निजतं तिथंच मुततं, आणि महिनाभरात त्याला त्याचं काही वाटेनासं होतं. पुढं ते मोकळं सोडलं तरी सोप्यात नि अंगणात त्याला फरक कळत नाही. मग घरचे म्हणतात, कुत्रं घाणेरडं निघालं.

लहान पिल्लाला सवय लावणं अवघड नाही, फक्त पहिले दोन-तीन आठवडे लक्ष ठेवावं लागतं. झोपेतून उठलं की, खाऊन झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी, खेळून झालं की आणि रात्री निजायच्या आधी त्याला बाहेर न्यायचं. जागा एकच ठेवायची, उकिरड्याकडेची किंवा बांधाकडेची. तिथं मुतलं की लगेच भाकरीचा तुकडा द्यायचा, दारात परत आल्यावर नाही. कुत्र्याला उशिरा दिलेलं बक्षीस कशाचं ते कळत नाही, आणि उशिरा दिलेली शिक्षा तर नाहीच नाही. दुपारी सोप्यात केलेल्या घाणीबद्दल संध्याकाळी मार दिला, तर पिल्लाच्या डोक्यात एवढंच बसतं की मालक घरी आला की मार मिळतो. आणि इथूनच पुढचा, खरा घोळ सुरू होतो.

भीतीनं होणारी लघवी

पायाशी मुतणाऱ्या पिल्लाकडं नीट पाहिलं तर ते मुतायला बसतच नाही. कान मागं चिकटलेले, शेपूट पायांत, मान खाली, नजर चोरलेली. कधी ते उताणं होऊन पोट दाखवतं, आणि त्याच अवस्थेत थोडीशी लघवी सुटते. ही कुत्र्यांची आपापसातली जुनी बोली आहे. मोठं, दांडगं कुत्रं अंगावर आलं की लहान कुत्रं असंच करतं. त्याचा अर्थ ‘मी लहान आहे, मी भांडत नाही, मला सोड’ एवढाच. दुसरं कुत्रं ते बरोबर ओळखतं, हुंगतं आणि निघून जातं. माणसाला मात्र तो उद्धटपणा वाटतो.

म्हणजे पिल्लू माफी मागतंय आणि माणूस त्या माफीबद्दल मारतोय. मार बसला की पिल्लाला वाटतं आपण पुरेशी माफी मागितली नाही. पुढच्या वेळी ते आणखी दबतं, आणखी मुततं. त्याला हे ठरवून थांबवता येत नाही. दचकल्यावर माणसाच्या अंगावर काटा येतो, तो कुणाला थांबवता येतो?

हे तरुण माद्यांत जास्त दिसतं. काही पिल्लं जन्मतःच हळवी असतात. जिल्ह्याच्या पूर्व भागात शिकारीसाठी नि राखणीसाठी पाळली जाणारी कारवानी जातीची सडपातळ कुत्री पळायला वाऱ्यासारखी, पण रागावणं त्यांना सहन होत नाही असा पाळणाऱ्यांचा अनुभव असतो. आधीच्या घरी मार खाल्लेलं किंवा पोरांनी दगड मारून पळवलेलं पिल्लू तर मोठ्या आवाजालाही भितं.

ओळखायची सोपी खूण आहे. घरातल्या एकाच माणसापुढं पिल्लू मुतत असेल आणि बाकीच्यांपुढं नाही, तर ते भीतीचं समजावं. बहुतेक वेळा तो माणूस घरातला कर्ता पुरुष असतो, उंच, भारी आवाजाचा, सरळ अंगावर चालून येणारा. त्यानं कधी हात उगारला नसला तरी पिल्लाला तो डोंगराएवढा दिसतो.

उपाय पिल्लावर करण्याआधी माणसानं स्वतःच्या वागण्यात करायचा आहे, म्हणून तो पटायला जड जातो. घरी आल्यावर पहिली पाच मिनिटं पिल्लाकडं बघायचंच नाही. हाक नाही, हात नाही, नजरही नाही. हातपाय धुवावेत, पाणी प्यावं. पिल्लू शांत झालं की जमिनीवर किंवा पायरीवर बसावं, तेही त्याच्याकडं तोंड न करता थोडं आडवं. त्याला स्वतः जवळ येऊ द्यावं. जवळ आलं की डोक्यावरून हात फिरवू नये. वरून खाली येणारा हात हाच भीतीचा मोठा भाग असतो. हात खालून न्यावा, हनुवटीखाली किंवा छातीला खाजवावं. वाकून उभं राहू नये.

दुसरी युक्ती भाकरीची आहे. घरात शिरताना दोन-चार तुकडे बाजूला जमिनीवर टाकावेत. पिल्लू ते हुंगायला, वेचायला लागतं. तोंड खाली नि लक्ष खाण्यात असलं की दबायचं राहून जातं. आठ-पंधरा दिवस असं केलं की मालक येणं म्हणजे काहीतरी बरं मिळणं, असं त्याच्या डोक्यात बसत जातं. पुढं ‘बस’ म्हटलं की बसायला शिकवावं. येणाऱ्या माणसापुढं काय करायचं हे माहीत असलेलं कुत्रं गोंधळत नाही.

आणि लघवी झालीच, तर बोलायचं नाही. ओरडायचं नाही, तसंच ‘असू दे, असू दे’ म्हणत कुरवाळायचंही नाही. गुपचूप बाजूला व्हावं, पिल्लू गेलं की पुसून घ्यावं. घरातल्या एकानं हे पाळलं आणि दुसऱ्यानं काठी दाखवली तर काही उपयोग नाही. पोरांना तर बजावूनच सांगायला हवं, कारण पिल्लाच्या मागं लागून त्याला कोपऱ्यात गाठण्यात पोरांना मजा वाटते. पाहुण्यांनाही आधीच सांगावं, की त्याच्याकडं बघू नका, ते आपणहून येईल.

असं सांभाळलं तर बहुतेक पिल्लं वर्षाची होईतोवर यातून सुटतात. मार खात राहिलेली मात्र दोनपैकी एका वाटेला लागतात. एक तर कुणीही आलं की खाटेखाली जाऊन बसतात. किंवा दबून भागत नाही म्हटल्यावर चावायला शिकतात, आणि चावतात ती बहुतेक घरातल्याच पोरांना. राखणीसाठी आणलेलं कुत्रं दोन्ही बाजूंनी वाया जातं. बिबट्याची चाहूल लागल्यावर भुंकून घर जागं करणारं कुत्रं हवं असेल, तर ते मालकाला भिणारं असून चालत नाही.

आनंदानं सुटणारी लघवी दिसायला अशीच, पण अंगबोली उलट असते. शेपूट जोरात हलतंय, उड्या चालल्यात, अंगावर पाय टाकतंय आणि त्या धांदलीत थेंब पडतायत. इथंही पहिली पाच मिनिटं लक्ष न देणं हाच उपाय. शक्य असेल तर भेट अंगणातच होऊ द्यावी, आणि त्याआधी घरातल्या दुसऱ्या कुणी पिल्लाला मुतवून आणावं. मूत्राशय रिकामं असलं की सांडायला काही राहत नाही. वय वाढतं तसं हेही कमी होतं.

टांग वर करणारा तरणा कुत्रा

सहा महिन्यांपासून वर्षभराच्या आत नर टांग वर करायला लागतो. मग मोटारसायकलचं चाक, पेंडीचं पोतं, कडब्याची गंज, कुणाची तरी पिशवी, काहीच सुटत नाही. थोडी लघवी, उभ्या वस्तूवर, पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी, अशी ही पद्धत. ही हद्द आखणं झालं, भीती नव्हे आणि आजारही नव्हे. नसबंदीनं बऱ्याच नरांत हे कमी होतं, सवय मुरण्याआधी केली तर जास्त. पेंडीची पोती फळीवर उंच ठेवावीत. ते कुत्र्यासाठी तर आहेच, पण उंदरांसाठीही आहे, आणि उंदरांचा विषय पुढं येणारच आहे.

मादी माजावर आली की तीही वारंवार, थोडं थोडं मुतते. पहिला माज साधारण सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान येतो. तेवढे दोन-तीन आठवडे तिला सांभाळावं. त्यानंतर ती आपोआप पूर्ववत होते.

आजार असेल तर

वळण लावण्याच्या मागं लागण्याआधी आजार नाही याची खात्री हवी. भीतीनं किंवा आनंदानं होणारी लघवी कुणीतरी समोर असतानाच होते. कुणी नसताना, झोपेत, चालता चालता लघवी गळत असेल, तर ते शरीराचं दुखणं आहे आणि तिथं भाकरीचे तुकडे टाकून काही होणार नाही.

सगळ्यात जास्त आढळतो तो मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग. माद्यांत जास्त, कारण त्यांची लघवीची नळी आखूड नि रुंद असते. व्यवस्थित सवय लागलेली मादी अचानक घरात मुतायला लागते. दर थोड्या वेळानं बसते, जोर करते, दोन थेंब पडतात. लघवीला उग्र वास येतो, कधी लालसर झाक दिसते, आणि ती मागचा भाग सारखा चाटते. तपासणी करून औषध दिलं तर हे लवकर बरं होतं. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस औषध द्यावं, दोन दिवसांत उतार पडला म्हणून मध्येच सोडू नये.

लहान मादी पिल्लू आणल्या दिवसापासून कायम ओलंच असेल, मागच्या पायांचे केस सतत भिजलेले, कातडी लाल झालेली, माश्या घोंघावतायत, तर जन्मजात दोषाची शंका घ्यावी. मूत्रपिंडाकडून येणारी नळी मूत्राशयात उघडायला हवी, ती काही पिल्लांत मूत्राशय सोडून पुढंच उघडते. मग लघवी साठतच नाही, नुसती गळत राहते. असं पिल्लू मधूनमधून नेहमीसारखी लघवीही करतं, त्यामुळं घरच्यांना वाटतं की मुद्दाम करतंय. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रिव्हर, हस्की या जातींत हा दोष जास्त सापडतो. हल्ली तालुक्याच्या गावांतून लॅब्राडोर घेण्याची हौस वाढली आहे, त्यांनी ध्यानात ठेवावं. यावर शस्त्रक्रिया होते. नंतरही काहींना थोडं गळणं राहतं आणि औषध चालू ठेवावं लागतं. पावसाळ्यात अशा ओल्या कातडीत अळ्या पडतात, म्हणून तोवर तो भाग रोज धुऊन कोरडा करावा.

नसबंदी झालेली मादी निजून उठली की खाली ओल दिसते, हा आणखी एक प्रकार. तिला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो. नळीचं तोंड आवळून धरणारा स्नायू सैल पडल्यानं असं होतं. मोठ्या जातींत जास्त, आणि शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही. औषधानं बहुतेकदा आटोक्यात येतं. ‘ऑपरेशन केलं म्हणून कुत्री बिघडली’ असं सांगत फिरणारे गावोगाव आहेत. पण त्या भीतीनं नसबंदी टाळणं शहाणपणाचं नाही. न केलेल्या मादीला माज संपल्यावर एक-दोन महिन्यांत गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. ती खूप पाणी पिते, खूप मुतते, खात नाही, मलूल पडते. कधी मागून पू येतो, कधी बाहेर काहीच दिसत नाही. यात वेळ घालवला तर मादी हातची जाते.

म्हणून पाण्यावर नजर हवी. धडधाकट कुत्र्याला दिवसाला वजनाच्या दर किलोमागं साधारण 50 ते 60 मिलिलिटर पाणी लागतं. उन्हाळ्यात किंवा दिवसभर मेंढरांमागं पळणाऱ्याला जास्त. पण बसून असलेलं 10 किलोचं कुत्रं रोज लिटरभराहून जास्त पाणी पीत असेल, तर मूत्रपिंड किंवा साखरेचा आजार तपासायला हवा. तांब्यानं मोजून भांडं भरलं की दिवसाचा हिशेब निघतो. खाजेवर दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शनांनीही तहान नि लघवी दोन्ही वाढतात, तेव्हा आधी काय औषध झालंय ते डॉक्टरांना सांगावं. आणि मुतू नये म्हणून कुत्र्याचं पाणी कधीच तोडू नये. मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर त्यानं जीव जातो.

एका गोष्टीत मात्र थांबायचंच नाही. नर टांग वर करून किंवा वाकून सारखा जोर करतोय आणि लघवी येतच नाही, पोट ताठ लागतंय, तर नळीत खडा अडकलेला असू शकतो. नराच्या लिंगात हाड असतं, त्याच्या मागं खडा अडतो. ‘उद्या बाजारला जाऊ तेव्हा दाखवू’ म्हणून चालत नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

घरातली माणसांची गोळी कुत्र्याला देऊ नये. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या कुत्र्याच्या जठराला नि मूत्रपिंडाला विषासारख्या आहेत. तापावरची पॅरासिटामॉलही आपल्या अंदाजानं देऊ नये.

लेप्टो, माणसालाही आणि गुरालाही

कुत्र्याच्या लघवीकडं किळस म्हणून नव्हे, तर आरोग्य म्हणूनही पाहायला हवं. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर, गुरं, डुकरं आणि कुत्री यांच्या लघवीतून बाहेर पडतात. ओल्या मातीत नि साचलेल्या पाण्यात ते बरेच दिवस टिकतात आणि हातापायाच्या जखमेतून, डोळ्यांतून, तोंडातून शरीरात शिरतात. पाटण, जावळी, महाबळेश्वर या पावसाच्या पट्ट्यात अनवाणी चिखलणी-लावणी करणाऱ्यांना याची जास्त भीती. कुत्रं वरून ठणठणीत दिसत असलं तरी त्याच्या लघवीतून जंतू जात असू शकतात. आजारी पडलं तर ताप, उलट्या, डोळे नि हिरड्या पिवळ्या, लघवी गडद, अशी लक्षणं दिसतात. गाईम्हशींत याच जंतूंनी गाभ जातो, दूध आटतं.

म्हणून गोठ्यातली गव्हाण आणि पाण्याचा हौद इथं कुत्र्याला टांग वर करू देऊ नये. लघवी पुसताना हातात हातमोजा किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालावी, नंतर साबणानं हात धुवावेत. कुत्र्यांना दिल्या जाणाऱ्या एकत्रित लशीत लेप्टोचा भाग असलेला प्रकार मिळतो, तो मागून घ्यावा आणि दरवर्षी द्यावा. रेबीजची लस वेगळी असते, तीही तीन महिन्यांनंतर चुकवू नये. पावसाळ्यात घरातल्या कुणाला ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत कळा, डोळे लाल असं झालं, तर डॉक्टरांना ‘घरात कुत्रं नि गुरं आहेत, चिखलात काम केलंय’ हे आपणहून सांगावं. वेळेवर निदान झालं तर यावर औषध आहे.

वास राहिला की सवय राहते

कुत्रं नाकानं जागा लक्षात ठेवतं. जिथं जुना वास आहे तिथं ते परत मुतणार. फरशी असेल तर आधी कोरड्या फडक्यानं टिपून घ्यावं, मग साबणाच्या पाण्यानं आणि शेवटी व्हिनेगर मिसळलेल्या पाण्यानं पुसावं. अमोनियाच्या वासाचं क्लीनर वापरू नये, तो वास लघवीसारखाच असल्यानं कुत्रं उलट बोलावल्यासारखं तिथं येतं. ब्लीचिंग आणि व्हिनेगर एकत्र करू नये, त्यातून विषारी वायू निघतो. फिनेलनं पुसलं तर फरशी वाळेपर्यंत पिल्लाला लांब ठेवावं, कारण ते ओली फरशी चाटतं.

मातीच्या, सारवलेल्या जमिनीला पुसून भागत नाही. लघवी आत मुरते. तेवढा थर खुरप्यानं खरवडून बाहेर टाकावा, उन्हं लागू द्यावीत आणि नव्या मातीनं लिंपून सारवावं. पोत्यावर निजत असेल तर पोतं बदलावं, धुऊन परत घालू नये. तरटाला धरलेला वास धुण्यानं जात नाही.

सोडून देणं हा गुन्हा आहे

जनावराला निष्ठुरपणे मारणं आणि पाळीव जनावर वाऱ्यावर सोडणं हे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. हा आकडा फार जुना आहे, आज त्यात दोघांचा चहा-भजीही होत नाहीत. त्यामुळं कुणी भीत नाही. पण जनावर ठार मारलं, विष घातलं किंवा जायबंदी केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे काठी जोरात चालवणाऱ्यांना माहीत असलेलं बरं.

दाखवायचं कुठं, तर आधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात. जनावरांच्या फिरत्या पथकासाठी 1962 हा टोल-फ्री क्रमांक आहे. तो मुख्यतः गुरांसाठी असल्यानं कुत्र्याबद्दल फोनवरच आधी विचारून घ्यावं. जन्मजात दोष, खडा किंवा शस्त्रक्रियेचं काम असेल तर जिल्ह्यातच शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, माफसू विद्यापीठाचं. तिथं जाताना लशीचं कार्ड आणि आधी दिलेल्या औषधांची पाकिटं सोबत न्यावीत.

जाण्याआधी दोन-तीन दिवस एका कागदावर लिहून ठेवावं, लघवी कधी होते, किती होते, समोर कोण होतं आणि कुत्रं जागं होतं की झोपलेलं. मोबाइलवर व्हिडिओ काढला तर आणखी चांगलं, कारण दवाखान्यात गेल्यावर पिल्लू बहुतेक वेळा काहीच करून दाखवत नाही. लघवीचा नमुना सकाळचा घ्यावा. औषधाच्या दुकानात तपासणीची बंद डबी मिळते, ती पिल्लू मुतायला बसल्यावर हळूच मागून धरायची. नमुना अर्ध्या-एक तासात पोचणार नसेल तर फ्रीजमध्ये ठेवावा, डबीवर वेळ लिहून.